सापेक्ष पाथ पार्सरमध्ये आणण्याआधी

कॉन्फिग फाइलमध्ये सापेक्ष पाथ (रूटपासून पूर्ण न लिहिलेले, ../data सारखे) चालू द्यायचे ठरले, की कोडला हात लावण्याआधी एक प्रश्न निकाली काढा: पाथ मोजायचा कुठून? प्रोग्रॅम ज्या डिरेक्टरीतून चालवला तिथून मोजू नका. टर्मिनलवर सगळं नीट चालतं, पण तोच प्रोग्रॅम क्रॉनने (ठरलेल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सोय) होम डिरेक्टरीतून किंवा सिस्टमडीने (लिनक्सवर सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) थेट रूटमधून सुरू केला, की फाइल सापडत नाही. मोठ्या प्रकल्पांची उत्तरंही सारखी नाहीत. गिट ज्या फाइलमध्ये इन्क्लूड (दुसरी फाइल आत ओढणारी ओळ) लिहिलंय तिच्या जागेपासून मोजतं. एनजिनएक्स मुख्य कॉन्फिग फाइलच्या डिरेक्टरीपासून मोजतं, इन्क्लूड कितीही आत असो. डॉकर कंपोजला अनेक फाइली दिल्या तर पहिल्या फाइलची डिरेक्टरी धरली जाते. मी गिटच्या बाजूने आहे. अख्खा फोल्डर उचलून दुसरीकडे नेला तरी आतले पाथ तुटत नाहीत, आणि समोरची एक फाइल वाचूनच अर्थ लागतो.

मग पार्सरला (कॉन्फिग वाचणाऱ्या कोडला) फाइलचा पत्ता मिळतो का, ते तपासा. पायथनमध्ये 3.11 पासून सोबत येणाऱ्या टॉमललिबला (tomllib, TOML फाइली वाचणारी लायब्ररी) नुसती स्ट्रिंगही देता येते, आणि स्ट्रिंगला डिरेक्टरी नसते. तेव्हा मूळ डिरेक्टरी वेगळी मागून घ्या. ती दिली नसेल आणि सापेक्ष पाथ आला, तर स्पष्ट एरर द्या. गुपचूप चालू डिरेक्टरी धरू नका.

पाथ पूर्ण करायचा तो फाइल वाचतानाच, अनेक फाइली एकत्र (मर्ज) होण्याआधी. मर्ज झाल्यावर कुठली व्हॅल्यू कुठल्या फाइलमधून आली, हे कुणालाच सांगता येत नाही. कोणत्या सेटिंगमध्ये (key) पाथ असतो हे स्कीमात, म्हणजे कॉन्फिगच्या रचनेच्या वर्णनात, लिहा. तिरपी रेघ दिसली म्हणून पाथ समजणं धोक्याचं. मूळ लिहिलेला पाथही जपून ठेवा: एररमध्ये दोन्ही दाखवता येतात आणि फाइल परत सेव्ह करताना वापरणाऱ्याची ओळ बदलत नाही.

सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) असेल तर लिंकची जागा धरायची की खऱ्या फाइलची, हे ठरवून डॉक्युमेंटेशनमध्ये लिहा. एकमेकांना इन्क्लूड करणाऱ्या फाइलींसाठी किती पातळ्या आत जायचं याची मर्यादा हवी. गिटची 10 आहे. विंडोजची ड्राइव्ह अक्षरं, उलटी तिरपी रेघ आणि ~ (होम डिरेक्टरीची खूण) विसरू नका.

टेस्ट दुसऱ्याच डिरेक्टरीतून चालवा, फोल्डरच्या नावात स्पेस आणि देवनागरी अक्षरं ठेवून. आणि ज्यांच्या जुन्या फाइली चालू डिरेक्टरीवर विसंबून आहेत, त्यांना निदान एक आवृत्ती आधी इशारा द्या.