शिकागोतल्या जुन्या घराला पाणी शिशाच्या नळीतून येते का, हे तपासण्याची तयारी

मिशिगन सरोवरातून उपसलेले पाणी शिकागोच्या शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडते, तेव्हा त्यात शिशाचा प्रश्न नसतो. शिसे मिसळते ते वाटेत, आणि बहुतेक वेळा अगदी शेवटच्या टप्प्यात, म्हणजे रस्त्याखालच्या मुख्य जलवाहिनीपासून आपल्या तळघरापर्यंत येणाऱ्या बारीक नळीत, जिला तिथे सर्व्हिस लाइन म्हणतात. १९८६ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने बंदी घालेपर्यंत लहान घरांची ही नळी शिशाचीच असावी असा या शहराचा नियम होता, आणि त्यामुळे आजही तिथे अशा सुमारे ४ लाख जोडण्या जमिनीखाली आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कोणत्याही शहरात इतक्या नाहीत. म्हणून शिकागोत किंवा ओक पार्क, एव्हन्स्टन यांसारख्या जुन्या उपनगरांत घर घेणाऱ्या अथवा भाड्याने राहायला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी, विशेषतः घरात तान्हे बाळ असेल किंवा येणार असेल तर, ही तपासणी शक्यतो सामान हलवण्याआधीच उरकावी.

सुरुवात कागदपत्रांपासून करावी. घर कोणत्या वर्षी बांधले आणि त्यात किती बिऱ्हाडे आहेत, हे आधी पाहावे. १९८६ पूर्वीचे स्वतंत्र घर किंवा दोन-तीन मजल्यांची लहान इमारत असेल, तर नळी शिशाचीच आहे असे गृहीत धरून पुढे जाणे शहाणपणाचे. मोठ्या इमारतींना जाड नळी लागते आणि तशी जाड नळी सहसा शिशाची नसते. मात्र तिथेही सांध्यांचे जुने डाख आणि पितळी नळ यांतून शिसे उतरू शकते. विक्रेत्याने भरून द्यायच्या इलिनॉय राज्याच्या अर्जात शिशाच्या नळ्यांचा उल्लेख असतो, पण तिथे तो फक्त स्वतःला माहीत असलेले सांगतो. ‘माहीत नाही’ या उत्तराचा अर्थ ‘शिसे नाही’ असा कधीही घेऊ नये.

त्यानंतर पाणीपुरवठा विभागाची नोंद पाहावी. केंद्र सरकारच्या नियमानुसार पाणीपुरवठा करणाऱ्या प्रत्येक सार्वजनिक यंत्रणेला १६ ऑक्टोबर २०२४ पर्यंत आपल्या जोडण्यांची यादी तयार करावी लागली, आणि शिकागोत पत्ता टाकून ती पाहता येते. नोंद वाचताना नळीच्या दोन्ही भागांकडे लक्ष द्यावे, कारण रस्त्याकडचा भाग आणि घराकडचा भाग वेगवेगळ्या धातूंचे असू शकतात. नोंदीत ‘अज्ञात’ असे लिहिले असेल, तर पुढची पायरी स्वतः तळघरात उतरून पाहण्याची.

तळघरात जाताना बॅटरी, लोहचुंबक, एक नाणे आणि ओले फडके बरोबर घ्यावे. रस्त्याकडच्या भिंतीतून किंवा जमिनीतून जी नळी आत येते आणि मुख्य कॉकला अथवा मीटरला जाऊन मिळते, तीच आपल्याला हवी असते. जुन्या घरांत मीटर नसण्याचीही शक्यता असते, तेव्हा कॉक शोधावा. नळी फडक्याने पुसून नाण्याने अलगद खरवडावी. शिसे इतके मऊ असते की नाण्याचा ओरखडा लगेच उमटतो आणि मळकट करड्या थराखाली चांदीसारखा चकचकीत रंग दिसतो. त्याला लोहचुंबक चिकटत नाही, आणि कॉकजवळच्या सांध्याला बहुधा कांद्यासारखा फुगवटा असतो. तांबडा रंग दिसला तर ते तांबे. चुंबक चिकटला तर ती जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी नळी, म्हणजे आपण म्हणतो तो जीआय पाइप; पण तो पाहून निश्चिंत होऊ नये, कारण त्याच्या रस्त्याकडच्या बाजूला कधी शिशाची नळी जोडलेली असेल, तर गंजाच्या थरांत शिसे साठून राहते आणि तोही बदलावा लागतो. सुरीने खोल खरवडू नये, सॅंडपेपर लावू नये, आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. फोटो काढून तारखेसह जपून ठेवावेत.

पाण्याची चाचणीही जरूर करावी. शिकागोत ३११ या शहराच्या नागरी सेवा क्रमांकावर मागणी नोंदवली की बाटल्या विनामूल्य मिळतात. नमुना घेण्यापूर्वी किमान ६ तास घरात कुठेही पाणी वापरू नये, अगदी फ्लशसुद्धा नाही, त्यामुळे रात्री सगळे झोपल्यावर थांबून पहाटे नमुना घेणे सोयीचे पडते. नळाच्या तोंडाची जाळी काढू नये, थंड पाण्याचाच नळ सोडावा, आणि पहिली धार वाया न घालवता बाटलीत धरावी. पहिल्या बाटलीत नळाचे आणि आतल्या फिटिंगचे पाणी येते. रात्रभर सर्व्हिस लाइनमध्ये साचलेले पाणी त्यानंतर येते, म्हणून दिलेल्या सगळ्या बाटल्या सांगितलेल्या क्रमाने भराव्यात.

मात्र एका चांगल्या आकड्यावर विसंबू नये, असे मी आग्रहाने सांगेन. पाण्यात मिसळलेल्या फॉस्फेटमुळे नळीच्या आत संरक्षक थर बसतो, आणि तो शाबूत असेपर्यंत शिशाच्या नळीतूनही कमी आकडा येऊ शकतो. रस्त्यावर जलवाहिनीचे काम निघाले, मीटर बसवले किंवा शेजारी खोदकाम झाले की थराचे कण सुटतात आणि तोच आकडा एकाएकी चढतो. केंद्रीय नियमातील कारवाईची पातळी (जिच्या वर गेल्यास पाणीपुरवठा यंत्रणेला उपाय करावे लागतात) लिटरमागे १५ मायक्रोग्रॅम होती; २०२४ च्या सुधारित नियमाने ती १० ठरवली, आणि भारताच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकातली मर्यादाही तीच आहे. पण या पातळीखालचे पाणी बाळासाठी निर्धोक ठरत नाही, कारण शिशाचे सुरक्षित असे प्रमाणच नाही. म्हणून घराविषयीचा निर्णय नळीच्या धातूवरून घ्यावा.

खात्री होईपर्यंत पिण्याचे, भाताचे, डाळीचे, चहाचे आणि बाळाच्या दुधाच्या पावडरीचे पाणी गाळूनच घ्यावे. फिल्टरवर एनएसएफ या अमेरिकी प्रमाणन संस्थेचे ५३ हे मानक आणि शिसे काढण्याचा स्पष्ट उल्लेख असावा; आरओ यंत्रासाठी ५८ हे मानक पाहावे. आपल्याकडे पाणी उकळून पिण्याची सवय जुनी आहे, पण उकळल्याने शिसे जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरचाही येथे उपयोग नाही, कारण इतके सूक्ष्म प्रमाण त्यावर दिसत नाही. गरम पाण्याच्या नळाचे पाणी स्वयंपाकात वापरू नये. घरात लहान मूल असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातील शिशाची चाचणी करून घ्यावी, डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आले, तर डॉक्टर पुढील पाठपुरावा करतात.

नळी शिशाची निघाली, तर ती रस्त्यापासून घरापर्यंत पूर्ण बदलून मागावी. अर्धीच बदलली तर कापलेल्या तोंडाशी हादरे बसून काही काळ पाण्यात आधीपेक्षा अधिक शिसे येऊ शकते. पूर्ण बदलल्यावरही नळांच्या जाळ्या काढून सगळे नळ बराच वेळ सोडून ठेवावेत, पुढचे ६ महिने फिल्टर चालू ठेवावा, आणि त्या काळात पाण्याची चाचणी पुन्हा एकदा करून घ्यावी.