रोमला जाताय? सॅक हलकी ठेवा, म्हणजे नीट खाता येईल

रोमला चार-पाच दिवस जायचं असेल तर पहिलं काम बॅग ठरवायची, हॉटेल नंतर. ट्रॉली नको, पाठीवरची सॅक घ्या. जुन्या रोमच्या गल्ल्यांत सानपिएत्रिनी म्हणजे काळे चौकोनी दगड बसवलेत, त्यांच्या फटीत चाकं अडकतात, आणि जुन्या बिल्डिंगमधे लिफ्ट असेलच असं नाही. सामान पाठीवर असलं की स्टेशनवरून थेट बाजारात जाता येतं, म्हणून चांगलं खाण्याची तयारी पॅकिंगपासूनच करायची असं माझं पक्कं मत आहे.

सॅकमधे तीन टीशर्ट, एक जादा पँट, रात्री धुवून सकाळी वाळतील असे आतले कपडे आणि एक ओढणी किंवा स्टोल. सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, तिथे स्टोल कामाला येतो. बूट एकच, तेही पायात. शॅम्पू, क्रीम वगैरे १०० मिलीपर्यंतच्या बाटल्यांत.

आता खाऊ. घरचे प्रेमाने देतात ते सगळं घेऊ नका, तूप आणि पेढे तर नाहीच, कारण युरोपियन युनियनमधे बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. प्रवासात भूक लागली तर म्हणून चिवड्याचं एक पाकीट पुरे.

फ्युमिचिनो विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस ही गाडी टर्मिनी या मुख्य स्टेशनला नेते, तिकीट १४ युरो. त्यापेक्षा ८ युरोची एफएल१ लोकल घेऊन ओस्तिएन्से स्टेशनला उतरा, तिथून तेस्ताच्चो ही वस्ती चालत जाण्याइतकी जवळ आहे. राहायला हाच भाग बघा. इथे पूर्वी शहराचा कत्तलखाना होता, कामगारांच्या या वस्तीत रोमचं अस्सल जेवण तयार झालं, आणि बाजारही इथेच आहे.

सकाळी बारमधे (तिकडे कॉफीच्या दुकानाला बार म्हणतात) उभ्यानेच कॉफी प्या, टेबलावर बसलात की पैसे जास्त पडू शकतात. सोबत मारितोत्सो घ्या, क्रीम भरलेला गोड पाव, तो सोडू नका. दुपारी पिझ्झा अल ताल्यो, केवढा तुकडा हवा ते बोटाने दाखवायचं, ते कापून वजनावर देतात. मारिनारा पिझ्झ्यावर चीज नसतं, टोमॅटो लसूण ओरेगानो एवढंच, आणि चांगल्या दुकानातला असला तर फार सुंदर लागतो. पाण्याची बाटली जवळ ठेवा, रस्त्यात नासोनी नावाचे लोखंडी नळ सतत वाहत असतात, पाणी गार आणि पिण्यालायक. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, त्याला तोंड लावून प्यायचं.

रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी शोधू नका. दारात उभं राहून बोलावणारे वेटर आणि फोटोवालं मेन्यूकार्ड दिसलं की पुढे चालायचं. रोमचे प्रसिद्ध पास्ते चार, त्यातल्या कार्बोनारा, अमात्रिचाना आणि ग्रिचात ग्वान्चाले म्हणजे डुकराच्या गालाचं मांस असतं, त्यामुळे शाकाहारींनी काचो ए पेपे घ्यावा, नुसतं पेकोरिनो चीज आणि मिरी. अगदी कडक शाकाहारी असाल तर मात्र तोही नको, कारण पेकोरिनो रोमानो कोकराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या पोटातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थाने करतात. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे, यात बरेचदा खिमा असतो, आणि भोपळ्याच्या तळलेल्या फुलांत मोझरेलासोबत अँकोव्ही मासा, तेव्हा विचारूनच घ्या. फेब्रुवारी ते एप्रिलमधे गेलात तर घेट्टोत म्हणजे जुन्या ज्यू वस्तीत जाऊन कार्चोफी आला जुदीया खा, अख्खं आर्टिचोक तळून फुलासारखं उघडलेलं, पाकळ्या कुरकुरीत आणि आतला गाभा मऊ, माझ्या मते त्या शहरातला सगळ्यात चांगला शाकाहारी पदार्थ.

बिलात पाने म्हणून थोडे पैसे लावलेले दिसतील, ते ब्रेडचे, वर टिप द्यायलाच हवी असं नाही.

शेवटच्या दिवशी चेकआउट करून सॅकसकट तेस्ताच्चोच्या बाजारात जा, तिथेच जेवा, सुका पास्ता आणि कॉफी सॅकमधल्या रिकाम्या जागेत भरा आणि ओस्तिएन्सेहून गाडी पकडा. रविवारी निघणार असाल तर हे शनिवारीच उरका, रविवारी तो बाजार बंद असतो.