मायामीहून मायामीला, तरी परदेशवारी: स्प्रिंग ब्रेकच्या क्रूझवर जाताना या चुका टाळा

मार्च जवळ आला की अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्रूझचे बेत सुरू होतात. स्प्रिंग ब्रेक म्हणजे कॉलेजची आठवड्याची सुट्टी, चौघांत वाटून घेतलेली केबिन, जेवण भाड्यातच धरलेलं. मायामी, पोर्ट कॅनाव्हरल किंवा गॅल्व्हस्टनहून निघायचं आणि बहामा नाहीतर मेक्सिको पाहून परत यायचं. विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणाऱ्या सहलींत ही खरंच चांगली सहल आहे. माझं मत विचाराल तर जरूर जा. पण ती फसते तेव्हा समुद्रामुळे क्वचितच फसते. फसते ती न तपासलेल्या कागदांमुळे आणि चुकीच्या घड्याळामुळे. म्हणून या दोन गोष्टींबद्दल जरा सविस्तर लिहिलं आहे.

"परदेशात थोडेच जातोय?"

सगळ्यांत महाग पडणारा समज हाच. अमेरिकेहून सुटणाऱ्या बहुतेक मोठ्या क्रूझ जहाजांवर बहामा, पनामा अशा देशांचा झेंडा असतो. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे अशा जहाजांना फक्त अमेरिकन बंदरांच्या दरम्यान प्रवासी फिरवता येत नाहीत. त्यामुळे तीन रात्रींची छोटी फेरीसुद्धा एखाद्या परदेशी बंदराला लागते. तुम्ही तिथे उतरा किंवा न उतरा, परतल्यावर अमेरिकेत तुमचा नव्याने प्रवेश होतो, आणि त्या प्रवेशाला लागणारे सगळे कागद लागतात.

वर्गातले अमेरिकन मित्र सांगतात, "पासपोर्ट कशाला? जन्माचा दाखला आणि लायसन्स पुरतं." एकाच अमेरिकन बंदरातून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझवर त्यांच्यासाठी ते खरं आहे. पण ही सवलत अमेरिकन नागरिकांची आहे. एफ-१ व्हिसावर, म्हणजे शिक्षणासाठीच्या व्हिसावर, असलेल्या भारतीय विद्यार्थ्याला मूळ पासपोर्ट, चालू व्हिसा आणि कॉलेजच्या कार्यालयाने प्रवासासाठी सही केलेला आय-२० (विद्यार्थी असल्याचा कॉलेजचा दाखला) हे तिन्ही लागतात. शिकत असताना ती सही एक वर्ष चालते, ओपीटीवर (शिक्षणाला जोडून मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर) असाल तर सहा महिनेच. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. सही जुनी झाली असेल तर ती सुट्टीच्या आदल्या शुक्रवारी मागू नका. त्या आठवड्यात परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात सगळेच रांगेत असतात.

आता खरा गुंता. पासपोर्टमधला व्हिसा संपलाय, पण आय-२० आणि आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची सरकारी नोंद) चालू आहेत, अशी पुष्कळ मुलं असतात. अमेरिकेत राहायला त्याची अडचण नसते. बाहेर जाऊन यायला मात्र एकच वाट आहे, ऑटोमॅटिक रिव्हॅलिडेशन नावाची. कॅनडा किंवा मेक्सिकोला तीस दिवसांच्या आत जाऊन आलात तर संपलेल्या व्हिसावरही प्रवेश मिळू शकतो. एफ आणि जे (एक्सचेंज कार्यक्रमाच्या) व्हिसावाल्यांना ही मुभा क्युबा सोडून जवळच्या बेटांसाठीही आहे, म्हणजे बहामा, जमैका वगैरे. पण होंडुरासमधलं रोआतान आणि बेलीझ त्यात येत नाहीत, आणि कोझुमेल–रोआतान–बेलीझ ही फेरी तर नेहमीची आहे. म्हणजे तिकीट काढण्याआधी जहाज कुठल्या बंदरांना लागतं हे एकेक नाव घेऊन तपासावं लागतं. शिवाय टर्मिनलवर कागद पाहणाऱ्या कर्मचाऱ्याला हा नियम ठाऊक असेलच असं नाही. व्हिसा संपलेला असेल तर क्रूझ कंपनीकडून आणि कॉलेजच्या कार्यालयाकडून आधी लेखी उत्तर घ्या. ते मिळालं नाही तर यंदा अमेरिकेतच कुठेतरी फिरून या.

बंदरांच्या देशांचे स्वतःचे व्हिसा नियमही असतात. चालू अमेरिकन व्हिसा असला की मेक्सिकोसाठी भारतीयांना वेगळा व्हिसा लागत नाही. हाच न्याय प्रत्येक बेटाला लावू नका. "आम्ही तिथे उतरणारच नाही" हे उत्तर टर्मिनलवर चालत नाही. फेरीतल्या एका बंदराचा कागद कमी पडला तरी संपूर्ण फेरी नाकारली जाऊ शकते, आणि अशा वेळी पैसे परत मिळण्याची आशा धरू नये.

आणखी दोन इशारे. व्हिसाचा दर्जा बदलण्याचा अर्ज, उदाहरणार्थ एफ-१ वरून नोकरीसाठीचा एच-१बी, प्रलंबित असताना देशाबाहेर गेलात तर दर्जाबदलाची ती मागणी सोडून दिली असं धरलं जातं. आणि वाहतुकीचा का असेना, पोलिसांशी कधी संबंध आला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय जहाजावर पाय ठेवू नका. २०२५ च्या वसंतात कितीतरी परदेशी विद्यार्थ्यांचे व्हिसा आणि सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदवहीतल्या) नोंदी अचानक रद्द झाल्या होत्या, आणि त्यांतल्या काहींच्या बाबतीत कारण इतकंच होतं.

वयाची अट बुकिंगनंतर वाचणं

अंडरग्रॅज्युएट मुलांचे बेत इथे कोसळतात. अमेरिकेहून निघणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या फेऱ्यांवर केबिनमध्ये किमान एक जण २१ वर्षांचा लागतो. कार्निव्हलवर २१ च्या आतल्या प्रवाशाबरोबर २५ किंवा त्याहून मोठा नातेवाईक किंवा पालक लागतो. वीस वर्षांचे चार मित्र वेबसाइटवर पैसे भरून मोकळे होतात आणि मग बंदरावरून परत पाठवले जातात, असं दर वर्षी घडतं. मास्टर्सच्या मुलांना ही अडचण सहसा येत नाही, पण धाकटी बहीण किंवा भाऊ बरोबर येणार असेल तर ही अट आधी पाहा. या फेऱ्यांवर मद्य घ्यायलाही २१ पूर्ण लागतात.

निघायच्या दिवशीच विमान पकडणं

शिकागो, बफेलो, बोस्टन इथे मार्चमध्ये बर्फ पडतं. सकाळचं विमान चार तास लांबलं की जहाज गेलं. प्रवाशांची अंतिम यादी सुटण्याच्या किमान तासभर आधी सीमा विभागाकडे जावी लागते, म्हणून चेक-इन त्याच्याही आधी बंद होतं आणि मग कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. आदल्या दिवशीच पोहोचा. मायामीला रात्र काढायची असेल तर मायामी बीचवर नको. बंदर मुख्य शहराला लागून आहे, आणि स्प्रिंग ब्रेकच्या गर्दीला कंटाळून मायामी बीच शहराने २०२४ पासून मार्चमध्ये पार्किंगवर जबर दर आणि कडक बंदोबस्त लावला होता. विमानतळाजवळचं साधं हॉटेल घ्या. पोर्ट कॅनाव्हरल ऑरलँडोच्या विमानतळापासून तासाभरावर आहे, तर गॅल्व्हस्टनसाठी ह्यूस्टनचा हॉबी विमानतळ जवळचा.

बंदरावर मोठी बॅग हमालाकडे देताना पासपोर्ट आणि आय-२० तिच्यात राहिला नाही ना, हे बघा. ती बॅग संध्याकाळपर्यंत हाती येत नाही. औषधं आणि एक कपड्यांचा जोडही खांद्यावरच्या पिशवीत असू द्या.

फोनच्या घड्याळावर विश्वास

ही चूक हुशार मुलांकडूनही होते, कारण ती दिसत नाही. कोझुमेल मेक्सिकोच्या किंताना रू राज्यात आहे आणि तिथे २०१५ पासून वर्षभर एकच वेळ चालते. अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं, म्हणजे ऐन स्प्रिंग ब्रेकच्या हंगामात. २०२७ मध्ये तो रविवार १४ मार्चला येतो. त्यानंतर मायामीची वेळ कोझुमेलच्या तासभर पुढे असते. जहाज मायामीच्या वेळेवर चालत असेल आणि किनाऱ्यावर तुमचा फोन आपोआप स्थानिक वेळ दाखवू लागला, तर जहाजावर चार वाजलेले असताना तुमच्या हातात तीन वाजलेले असतात. तुम्ही निवांत नारळपाणी पीत असता आणि तिकडे शिडी उचलण्याची तयारी चालू असते. गॅल्व्हस्टनहून निघालेल्यांचा हिशेब वेगळा: घड्याळ बदलण्याआधी कोझुमेल तासभर पुढे, बदलल्यावर दोन्हीकडे एकच वेळ. काही जहाजं स्वतःची वेळही बदलतात.

हा सगळा हिशेब डोक्यात ठेवायची गरज नाही. उतरताना दाराशी लिहिलेली 'परत येण्याची वेळ' वाचा, तिचा फोटो काढा, आणि जहाजाच्या घड्याळाशी जुळवलेलं साधं मनगटी घड्याळ घाला. फोनची आपोआप वेळ बदलण्याची सोय बंद केली तरी चालतं.

बाहेरच्या एजंटकडून घेतलेली सहल स्वस्त असते, पण ती लांबली तर जहाज थांबत नाही. क्रूझ कंपनीकडूनच घेतलेल्या सहलीची बस उशिरा आली तर मात्र थांबतं. बंदरापासून लांब जायचं असेल तेव्हा मी कंपनीचीच सहल घ्या म्हणेन. जवळच्या समुद्रकिनाऱ्यासाठी टॅक्सी पुरे.

आणि चुकलंच जहाज, तर? धक्क्यावर कंपनीचा स्थानिक एजंट असतो, आधी त्याला गाठा. केबिनच्या तिजोरीत पासपोर्ट सापडला तर जहाजावरचे कर्मचारी बहुतेक वेळा तो एजंटकडे सोपवून जातात. पुढचा विमानप्रवास तुमच्या खर्चाने असतो, आणि विमानाने अमेरिकेत परतायलाही तेच तीन कागद लागतात. म्हणून आय-२० पासपोर्टच्या आतच ठेवा, वेगळ्या फाइलमध्ये नको. उतरताना दोन्हींच्या रंगीत प्रती आणि एक क्रेडिट कार्ड जवळ असावं.

भाडं म्हणजे खर्च, असं धरणं

भाड्याशिवाय रोज माणशी साधारण १६ ते २० डॉलर सेवाशुल्क आपोआप लागतं. चौघांच्या चार रात्रींचे अडीचशेच्या वर होतात. काही मुलं काउंटरवर जाऊन ते काढून टाकतात. कृपा करून तसं करू नका. हे पैसे केबिन आवरणाऱ्या आणि ताटं उचलणाऱ्या लोकांच्या कमाईचा मोठा भाग असतात. ही माणसं कित्येक महिने आठवड्याची सुट्टी न घेता काम करतात, आणि त्यांत गोव्याची, मुंबईची, कोकणातली मुलंही भेटतात. हे सेवाशुल्क बजेटमध्ये पहिल्या ओळीत लिहा.

पेयांचं पॅकेज घेताना एक अट नजरेतून सुटते: अनेक कंपन्यांत केबिनमधल्या २१ वरच्या एकाने घेतलं की बाकीच्या सगळ्यांना घ्यावं लागतं. चौघांत एकच पिणारा असेल तर पॅकेज परवडत नाही. जहाजावरच्या खात्याला डेबिट कार्ड जोडलं तर बँकेत रोज काही रक्कम अडकून राहते आणि घरभाड्याच्या वेळी पैसे कमी पडतात, म्हणून क्रेडिट कार्ड किंवा रोख वापरा. बंदर सोडताच फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रावरचं रोमिंग फार महाग असतं. आईबाबांना आधीच सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागणार नाही, म्हणजे ते काळजीत पडणार नाहीत.

राइस कुकर, चिवडा आणि शाकाहार

इलेक्ट्रिक किटली, राइस कुकर, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड या सगळ्यांना आगीच्या भीतीने बंदी असते. तपासणीत ते काढून घेतात. घरी केलेले लाडू आणि थेपलेही सहसा चालत नाहीत. कंपनीचं सील असलेलं पाकीट चालतं. शाकाहारी मंडळींनी पहिल्याच संध्याकाळी मुख्य डायनिंग रूमच्या हेड वेटरला भेटून सांगावं. बऱ्याच जहाजांवर भारतीय शाकाहारी जेवण मागितल्यावर मिळतं, फक्त आदल्या दिवशी कळवावं लागतं. बुफेपुढे उभं राहून "इथे काहीच नाही" म्हणत सॅलडवर दिवस काढू नका.

गांजाबद्दल मात्र स्पष्ट बोललं पाहिजे. तुमच्या राज्यात तो कायदेशीर असेल, पण जहाज आणि बंदर यांच्यावर केंद्रीय कायदा चालतो आणि टर्मिनलवर कुत्री वास घेत फिरतात. अमेरिकन मित्राला दंड होऊन विषय संपेल, तुमचा पुढचा प्रवेश कायमचा अडचणीत येऊ शकतो. मित्राने "तुझ्या बॅगेत ठेव" म्हटलं तरी नाही म्हणा.

जहाजावर

सुटण्याआधीची सुरक्षा कवायत चुकवू नका. २०१२ मध्ये इटलीजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' उलटली तेव्हा नव्याने चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. नंतर नियम कडक झाले. आता बऱ्याच जहाजांवर अ‍ॅपवर व्हिडिओ पाहायचा आणि आपल्या जागेवर जाऊन हजेरी लावायची, इतकंच असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब म्हणजे धोक्याची सूचना.

बोट लागत असेल तर औषध उलटी सुरू झाल्यावर नव्हे, आधी घ्यायचं. मेक्लिझिन चालतं, पण त्याने झोप येते आणि त्यावर मद्य नको. खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची केबिन कमी हलते. जुलाब-उलट्यांचा नोरोव्हायरस सॅनिटायझरला फारसा दाद देत नाही, त्यामुळे जेवणाआधी साबणाने हात धुवा. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल वेगळं लागतं. विद्यापीठाचा विमा तिथे चालतो का हे घरूनच विचारून ठेवा, नसेल तर प्रवास विमा घ्या.

बाल्कनीच्या कठड्यावर बसून फोटो काढू नका. आपला ग्लास नजरेआड झाला तर तो तिथेच सोडा. रात्री मैत्रिणीला एकटीला केबिनकडे पाठवू नका. काही वाईट घडलंच तर २०१० च्या अमेरिकन कायद्यानुसार जहाजावर लैंगिक अत्याचाराच्या वैद्यकीय तपासणीचं साहित्य असावं लागतं आणि गंभीर गुन्हे एफबीआयला कळवावे लागतात. मदत मागणं हा तुमचा हक्क आहे. त्याने तुमच्या व्हिसाला धोका होईल, या भीतीने गप्प राहू नका. नासाऊच्या किनाऱ्यावर जेट-स्की भाड्याने देणाऱ्यांबद्दल अमेरिकन परराष्ट्र खात्यानेच सावध केलेलं आहे. ती टाळा.

शेवटची सकाळ

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवायला सांगतात. पासपोर्ट आणि आय-२० त्या बॅगेत गेले तर सकाळी सीमा अधिकाऱ्यापुढे तुम्ही रिकाम्या हाताने उभे राहता. परतीचं विमान दुपारनंतरचं ठेवा, कारण परदेशी पासपोर्टवाल्यांना रांगेत जास्त वेळ लागू शकतो. घरी पोहोचल्यावर सीमा विभागाच्या संकेतस्थळावर आय-९४ ची नोंद उघडून पाहा: दर्जा एफ-१ आहे का, नाव आणि मुदत बरोबर आहे का. चूक दिसली तर त्याच आठवड्यात कॉलेजच्या कार्यालयाला कळवा. दुरुस्ती विमानतळावरच्या किंवा बंदरावरच्या सीमा विभागाच्या कार्यालयातून होते, आणि प्रवास ताजा असतानाच ती सोपी जाते.