जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मराठी स्ट्रिंग (मजकूर) जुळवताना: 'वऱ्हाड' सापडत का नाही?

नागपूर-विदर्भातल्या पत्त्यांची यादी शोधताना शब्द पडद्यावर दिसतो, पण प्रोग्रॅम 'जुळत नाही' म्हणतो. आधी साधं कारण तपासा: तुलना दुहेरी बरोबरच्या चिन्हाने केली आहे का? ते दोन्हीकडे मेमरीतला एकच ऑब्जेक्ट आहे का एवढंच पाहतं, मजकूर पाहत नाही. मजकूर ताडून पाहणारं इक्वल्स वापरा. व्हेरिएबल नल (म्हणजे त्यात काहीच नाही) असू शकत असेल तर इक्वल्स त्याच्यावर नाही, कोडमध्ये थेट लिहिलेल्या शब्दावर बोलवा.

मग साफसफाई. स्ट्रिंग एकदा तयार झाली की बदलत नाही. कडेच्या स्पेस काढणारं स्ट्रिप किंवा मजकूर बदलणारं रिप्लेस नवी स्ट्रिंग परत देतात. ती व्हेरिएबलमध्ये घेतली नाही तर काम वाया. वेबपानावरून कॉपी केलेल्या मजकुरात न तुटणारी स्पेस (प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये १६०) असू शकते. तिला स्ट्रिपही हात लावत नाही, म्हणून ती आधी साध्या स्पेसने बदला.

खरी गोम 'ऱ'मध्ये आहे. कोणी 'वऱ्हाड'मध्ये थेट ऱ (२३५३) टाइप करतो, कोणी र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब), तर कोणी र, हलन्त (पाय मोडण्याचं चिन्ह) आणि अक्षरं जोडणारा अदृश्य जॉइनर (८२०५). पहिली दोन रूपं जावाच्या नॉर्मलायझरची 'एनएफसी' (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणारी) पद्धत लावून एक होतात. तिसरं होत नाही; तिथे र-हलन्त-जॉइनर शोधून ऱ-हलन्त टाका. नुसता जॉइनर उडवाल तर रफार येऊन 'वर्हाड' होईल! यादी आणि शोधशब्द, दोन्हींवर हीच प्रक्रिया करा.

पिनकोडचंही तसंच. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांतलं ४४००१२ मजकुराची संख्या करणारं पार्सइंट सारखंच वाचतं, पण इक्वल्सला ते वेगळं वाटतं. रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (शोधाच्या साच्यातला) 'कोणताही आकडा' अर्थाचा बॅकस्लॅश-डी तर मूळ सेटिंगमध्ये देवनागरी आकडे ओळखतच नाही.

लांबीवर विसंबू नका. 'सीताबर्डी' दिसायला चार अक्षरं, लेंग्थ मात्र ९. तुकडा काढणाऱ्या सबस्ट्रिंगने पहिले ३ घेतले तर 'सीत' उरतं, ता-चा काना गेला. अक्षरं कुठे संपतात ते शोधणाऱ्या ब्रेकइटरेटरच्या कॅरेक्टर सीमांवर तोडा. यूटीएफ-८ (मजकूर बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) मध्ये हाच शब्द २७ बाइट घेतो, त्यामुळे बाइटमध्ये मोजलेल्या २० लांबीच्या डेटाबेस कॉलममध्ये तो मावणार नाही.

लूपमध्ये हजारो ओळी जोडायच्या असतील तर अधिकचं चिन्ह सोडा, मजकूर जोडत नेणारा स्ट्रिंगबिल्डर घ्या. त्याच्या रिव्हर्सने मात्र मराठी शब्द उलटवू नका, मात्रा अक्षराआधी येतात.