नवीन प्रोसेसर टाकला अन् पीसी गप्प? जुना पार्ट आधी सांभाळून ठेवा

प्रोसेसर बदलला, कॅबिनेटचं झाकण लावलं, बटण दाबलं, फॅन फिरले, लाईट लागले अन् स्क्रीनवर अंधार. माझ्यासोबत हे मागच्या मे महिन्यात झालं, दुपारी तीनचा टाइम, नागपूरचा मे म्हणजे सांगायला नको, अन् घरचे विचारून राहिले की चांगला चालत होता तर उघडला कशाला. तेव्हा जे जे केलं अन् जे चुकलं ते सगळं इथे टाकतो. एक आधीच सांगून देतो, खाली कूलर म्हणेन तो प्रोसेसरवरचा, खिडकीतला नाही. खिडकीतला तेवढा वेळ बंद ठेवा नाहीतर तोंड फिरवून ठेवा, ओली हवा थेट उघड्या कॅबिनेटवर नको.

पहिले काहीच खोलू नका, फक्त पाहा की नेमकं काय होऊन राहिलं. "पीसी चालू होत नाही" याचे तीन-चार वेगळे अर्थ असतात अन् प्रत्येकाचा इलाज वेगळा.

एकदमच मेलेला असेल, फॅनही हलत नसेल, तर एसएमपीएसच्या, म्हणजे पीसीला वीज देणाऱ्या डब्ब्याच्या, मागचा बारका स्विच पाहा. हसू नका, मी स्वतः दोनदा फसलो. मग मदरबोर्डचा २४ पिनचा मोठा कनेक्टर टक् वाजेपर्यंत दाबा, अर्धवट बसलेला असला तरी वरून बरोबरच दिसतो. त्यानंतर कॅबिनेटच्या बटणाची ती दोन बारीक वायरवाली पिन, जी काम करताना नेहमी निघते. ती काढून बोर्डावरच्या त्याच दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा, पीसी उठला तर बोर्ड ठीक आहे, गडबड बटणाकडे आहे. तरीही नाही तर प्लग काढून २४ पिनचा कनेक्टर बोर्डातून बाहेर घ्या, त्यातली हिरवी वायर अन् शेजारची कोणतीही काळी वायर यू आकाराच्या पेपरक्लिपने जोडा अन् मग प्लग लावा. एसएमपीएसचा फॅन फिरला तर तो जिवंत आहे, पण लोडवर टिकेल की नाही हे यातून कळत नाही, अन् काही मॉडेलचा फॅन गरम झाल्याशिवाय फिरतच नाही. एसएमपीएसचा डब्बा मात्र खोलू नका, आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही करंट धरून ठेवतात.

एक सेकंद फॅन फिरून बंद होते, परत फिरते, परत बंद, असं असेल तर बहुतेक कुठेतरी शॉर्ट आहे. बोर्डाच्या मागे पडलेला एखादा स्क्रू, किंवा नको त्या जागी राहिलेला पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यावर टेकतो तो बारका खांब. एसएमपीएस बदलला असेल अन् जुन्याच्या मॉड्युलर (डब्ब्यातून काढता येणाऱ्या) केबल तशाच ठेवल्या असतील तर आत्ताच्या आत्ता प्लग काढा. केबल दिसायला सारख्या असतात पण एसएमपीएसकडच्या टोकाला प्रत्येक कंपनीची पिनांची मांडणी वेगळी, कधीकधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही वेगळी, अन् चुकीची केबल लागली की हार्ड डिस्क जळते. नवीन डब्ब्यासोबत नवीनच केबल वापरायच्या, केबल मॅनेजमेंटचा कितीही कंटाळा येवो.

आता सगळ्यात जास्त लोकांना जे होते ते, म्हणजे सगळं फिरते पण डिस्प्ले नाही. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात आहे की मदरबोर्डात ते पाहा. कार्डाला वरून पॉवर दिली का? स्लॉटमधून फक्त ७५ वॉट मिळतात, ८ पिनच्या केबलमधून आणखी १५०, ती केबल विसरली तर मोठं कार्ड डिस्प्ले देतच नाही. प्रोसेसरजवळ डाव्या कोपऱ्यातली ४+४ पिनची केबल वेगळी, ती कूलर काढताना हाताला अडते म्हणून आपण काढतो अन् परत लावायची विसरतो. रॅमची एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून पाहा. बोर्ड नवीन डीडीआर५ (नव्या पिढीची रॅम) वाला असेल तर पहिल्यांदा रॅम ओळखायला काही मिनिटंही लागतात, तोवर घाबरून बटण दाबू नका.

बऱ्याच बोर्डांवर चार बारके एलईडी असतात, सीपीयू, डीरॅम, व्हीजीए अन् बूट. ज्यावर गाडी अडली तो लागून राहतो. माझा सीपीयूवर अडला होता.

कारण सोपं होतं पण डोक्यात आलं नाही. माझा बी४५० बोर्ड २०१८ चा, त्यावर प्रोसेसर होता रायझन ५ २६००, अन् मी टाकला ५६००, जो २०२२ मध्ये आला. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, तोच एएम४, प्रोसेसर मस्त बसला, पण बोर्डाचा बायोस (बोर्डातलाच प्रोग्राम, जो पीसी सुरू करतो) मी घेतल्यापासून कधी अपडेटच केला नव्हता, त्याला हा पाहुणा कोण ते माहीतच नाही. बायोस अपडेट करायला डिस्प्ले पाहिजे, डिस्प्लेसाठी जुना प्रोसेसर पाहिजे, अन् जुन्याचं मी काय करून ठेवलं होतं? कूलर सरळ वर ओढला तर खालचा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) सुकून सिमेंट झालेला, प्रोसेसर लॉक असतानाच कूलरला चिकटून बाहेर आला, अन् आता याचं काय काम म्हणून मी तो टेबलावर तसाच उलटा टाकला. १३३१ पिनांपैकी दोन वाकल्या.

ज्या बोर्डांना मागे बायोस फ्लॅशचं बटण असते ते लोक सुखी, पेन ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करून, फाइलला मॅन्युअलमध्ये लिहिलं तेच नाव देऊन, प्रोसेसरशिवायही काम होते. माझ्या बोर्डाला ते बटण नाही. मग ०.७ ची शिसं संपलेली मेकॅनिकल पेन्सिल घेतली, मोबाइलचा टॉर्च आडवा धरला, पिनेवर पेन्सिलचं टोक टोपीसारखं चढवलं अन् केसाएवढं, परत केसाएवढं, असं सरळ केलं. दोन पिनांना वीस मिनिटं. घाईत पिन तुटली की विषय संपला. नंतर प्रोसेसर सॉकेटवर नुसता ठेवला, स्वतःच्या वजनाने खाली गेला तर बरोबर, दाबावा लागला तर परत बाहेर. (हे एएम४ साठी. इंटेल अन् एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, तिथे हा प्रयोग मी तरी करणार नाही.)

जुन्यावर डिस्प्ले आला, बायोस अपडेट केला, तोही शेजाऱ्याचा यूपीएस मागून आणून, कारण मध्येच लाईट गेली तर बोर्डच जाईल. म्हणून कूलर काढायच्या आधी पीसी दहा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, अन् कूलर ओढू नका, डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. अन् बायोस जुना प्रोसेसर निघायच्या आधीच अपडेट करा.

५६०० लावल्यावर स्क्रीनवर विचारलं की नवीन सीपीयू आहे, एफटीपीएम (जिथे डिस्कच्या लॉकच्या किल्ल्या राहतात) रिसेट करायचं का, वाय की एन. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं लॉक, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की हातात असल्याशिवाय वाय दाबू नका, नाहीतर डेटाला रामराम. बायोस अपडेट झाल्यावर किंवा बोर्डावरचा सीआर२०३२ सेल काढून रिसेट केल्यावर विंडोज सापडत नसेल तर बायोसमधली सीएसएमची (जुन्या पद्धतीने बूट करायची) सेटिंग पहिले होती तशी करा. नवीन एम.२ एसएसडी (थेट बोर्डावर बसणारी पट्टी) टाकल्यावर जुनी डिस्क गायब झाली तर बरेचदा तो एम.२ स्लॉट एक-दोन साटा पोर्ट (जिथे जुन्या डिस्कची केबल लागते) बंद करतो, केबल दुसऱ्या पोर्टात लावा.

एवढं करूनही नाही जमलं तर बर्डीवर (नागपूरचा सीताबर्डी बाजार) जा, पण गाडीवर नेताना ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं घ्या, खड्ड्यांत स्लॉट तुटतो. अन् दुकानात गेल्या गेल्या सांगा की कोणता एलईडी लागून राहिला अन् शेवटी काय बदललं. नाहीतर तो पहिले विंडोज मारून देतो म्हणेल, अन् ज्याचा डिस्प्लेच नाही त्यात तो विंडोज कुठून मारणार.