राउटर (कापणारी मोटर) चालू केला की सीएनसीला (कॉम्प्युटरच्या आदेशावर चालणाऱ्या कटिंग मशीनला) अलार्म 1 येतो? माझा अनुभव

घरी बनवलेलं मशीन, अर्डुइनो उनो बोर्डावर जीआरबीएल 1.1 (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर). नुसतं हवेत मस्त चालायचं पण राउटर चालू केला की मधेच अलार्म 1 (म्हणजे लिमिट स्विच दाबला गेला), आणि तोही लिमिट स्विचला (अक्षाच्या टोकाला मशीन थांबवणाऱ्या स्विचला) कोणी शिवलेलंही नसताना. स्विचच्या वायरी राउटरपासून लांब नेल्या, राउटरला वेगळा प्लग दिला, फरक शून्य, आणि $21=0 (लिमिट स्विचने मशीन थांबवण्याची सेटिंग बंद) केलं तर संरक्षणच जातं. डोकं फिरलं होतं अक्षरशः.

चाललं ते असं: पॉवर बंद करून स्विचच्या एनओवरची (न दाबता उघडा संपर्क) वायर एनसीवर (न दाबता जोडलेला संपर्क) घेतली (एका अक्षाला दोन स्विच असतील तर सिरीजमध्ये), मग शील्डेड केबल (भोवती धातूची जाळी असलेली) टाकून तिची जाळी फक्त बोर्डाच्या बाजूला ग्राउंड केली, बोर्डापाशीच सिग्नल आणि ग्राउंडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. नंतर $5=1 (लिमिट सिग्नल उलटा वाचायची सेटिंग), आणि तपासेपर्यंत $21=0. $5 तिन्ही अक्षांना लागू होतं त्यामुळे तिन्ही एनसीच हवेत. शेवटी एकेक स्विच हाताने दाबून ? (मशीनची स्थिती विचारणारी आज्ञा) पाठवा, दाबल्यावरच त्या अक्षाचं अक्षर दिसलं की मगच $21=1 आणि $H (होमिंग, म्हणजे मशीनला मूळ जागी नेणं).