मागचे ब्रेक लायनर बदलताना या चुका टाळा

मी पहिल्यांदा गाडीचे मागचे लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या, अस्तर लावलेल्या अर्धगोल पट्ट्या) बदलले तेव्हा उत्साहाच्या भरात दोन्ही चाकं एकदम उघडली. तासाभराने समोर स्प्रिंगांचा ढीग, आणि कुठली कुठे बसते ते काही आठवेना. तेव्हापासून एक बाजू पूर्ण बसल्याशिवाय दुसरीला हात लावत नाही. न उघडलेली बाजू हाच आपला नकाशा. फक्त ती आरशातल्यासारखी उलटी असते. लायनर मात्र दोन्ही बाजूंचे बदलायचे.

ड्रम, म्हणजे लायनरवर बसणारी आणि चाकाबरोबर फिरणारी गोल टोपी, निघत नसेल तर हातोडी उचलण्याआधी हँडब्रेक सोडलाय का ते बघा. (म्हणूनच पुढच्या चाकांना आधी ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावायची, आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवायची नाही.) जुन्या ड्रमच्या कडेला झिजून ओठ तयार होतो, त्यात लायनर अडकतात, तेव्हा अ‍ॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर कमी-जास्त करणारा स्क्रू) मागे फिरवा. बऱ्याच ड्रमना दोन आटेदार भोकं असतात, त्यांत बोल्ट सारखे आवळले की ड्रम आपोआप सुटतो.

आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. ड्रम बाहेर असताना कुणालाही पेडल दाबू देऊ नका, व्हील सिलिंडरचे (ब्रेक ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमकडे ढकलणाऱ्या भागाचे) पिस्टन बाहेर येतात. सिलिंडरचं रबर उचलून बघा. आत ओल दिसली तर नवे लायनरही ब्रेक ऑइलने खराब होतील.

सगळ्यात फसवी चूक अ‍ॅडजस्टरची. अनेक गाड्यांत डाव्या-उजव्याचे आटे उलटे असतात. अदलाबदल झाली की अंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. पहिल्या दिवशी ब्रेक छान लागतो, मग पेडल हळूहळू खाली जायला लागतं आणि माणूस उगाच ब्रेक ऑइलची हवा काढत बसतो.

हँडब्रेकचा दांडा फार वर येतो म्हणून आधी त्याची केबल आवळणं हेही उलटंच. केबल ढिली ठेवून अ‍ॅडजस्टर फिरवा. ड्रम जेमतेम घासत फिरला पाहिजे. पेडल पंधरा-वीस वेळा दाबा. केबल सगळ्यात शेवटी. आधीच ताणलेल्या केबलने लायनर पूर्ण मागे जात नाहीत. पाच-सहा किलोमीटर चालवून रिमजवळ हात न्या: एकच चाक तापलं असेल तर तिथला लायनर धरतोय. बॅक प्लेटवर (लायनरमागच्या पत्र्याच्या तबकडीवर) लायनर घासतात त्या जागांना ब्रेकचं ग्रीस किंचित लावायचं राहिलं, तर करकर येते. ते ग्रीस लायनरच्या अस्तराला लागलं, तर मात्र ब्रेकच जातो.